४२.३४ मीटर आणि चारशे वॅट

४२.३४ मीटर. १९४२ साली मुंबईतून जे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र चाललं, त्याची ही तरंगलांबी. त्या केंद्रावर लिहिलेल्या बहुतेक सगळ्या लेखांत हा आकडा येतो आणि वाचणारा तो वाचून पुढे जातो. आमच्यासारखी हौशी रेडिओवाली माणसं, म्हणजे हॅम, मात्र तिथे अडकतात. प्रकाशाच्या वेगाला ४२.३४ ने भागायचं, उत्तर येतं साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आणि मग लक्षात येतं की अरे, हा तर आपलाच ४० मीटरचा बँड! सकाळी चहा घेता घेता मी डोंबिवलीतून पुण्या-नाशिकच्या मित्रांशी जिथे गप्पा मारतो, त्याच्या अगदी शेजारी उषा मेहतांचा आवाज होता.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या एका भाच्याचा प्रश्न. "मामा, मोबाईल असताना तुला रेडिओ कशाला लागतो हे मी आता विचारत नाही. पण त्याच्या शेजारचा तो मोठा डबा कशाला?" तो डबा म्हणजे पॉवर ऍम्प्लिफायर. रेडिओतून निघणारी ताकद वाढवणारं यंत्र. प्रश्न साधा आहे, पण सरळ उत्तर द्यायला गेलं की १९४२ मध्ये जावं लागतं. नातेवाईक मंडळींनी थोडा धीर धरावा, मी डब्यापर्यंत येतोच आहे.

आपल्याकडे हौशी रेडिओचा परवाना पहिल्यांदा दिला गेला १९२१ मध्ये. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रायोगिक प्रक्षेपण केलं. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. म्हणजे सरकारी आकाशवाणी नावाची गोष्ट यायच्या आधी हौशी लोक तारा जोडत बसले होते. पण होते किती? तिसाव्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळ्या देशात मिळून पन्नासही नाहीत. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं, नवे परवाने बंद झाले आणि असलेल्यांना हुकूम आला की प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करा. सरकारच्या दृष्टीने ते बरोबरच होतं म्हणा. ऐकणारा रेडिओ कुणाच्याही घरात चालतो. बोलणारा रेडिओ ही वेगळी गोष्ट आहे.

मुंबईत नरिमन प्रिंटर नावाचे एक गृहस्थ होते. भायखळ्याला बॉम्बे टेक्निकल इन्स्टिट्यूट चालवत, रेडिओचं तंत्र शिकून आलेले, आणि हौशी परवाना असलेले. युद्ध सुरू झाल्यावर तोही परवाना गेला. पण परवाना जातो तेव्हा हातातलं कसब जात नाही, आणि सुटे भागही सगळेच जात नाहीत.

पुढचं तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. ८ ऑगस्ट १९४२, गोवालिया टँक, 'चले जाव'. ९ तारखेच्या पहाटेपासून धरपकड. वर्तमानपत्रांवर बंधनं. मोठे नेते आत, आणि बाहेर राहिलेल्यांना एकमेकांची खबर नाही. अशा वेळी बावीस वर्षांची उषा मेहता, विठ्ठलदास उर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी या तरुणांनी ठरवलं की आपलं स्वतःचं रेडिओ केंद्र काढायचं. राममनोहर लोहिया त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शिकागो रेडिओ कंपनीच्या नानक मोटवानींकडून सामानाची मदत झाली. आणि प्रक्षेपक उभा करून दिला प्रिंटर यांनी.

२७ ऑगस्ट १९४२ पासून 'हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाहून' बोलणारं हे केंद्र लोकांना ऐकू येऊ लागलं. जागा सारख्या बदलाव्या लागत. चौपाटीची सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरची अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भुवन, वाळकेश्वरचं रतन महाल, गिरगावातली पारेखवाडी. आमच्या कुळातली निम्मी मंडळी गिरगावच्या चाळींतून उठून डोंबिवलीत आली, त्यामुळे हे पत्ते वाचताना मला घरातलंच काही वाचल्यासारखं वाटतं. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी पारेखवाडीत छापा घातला आणि केंद्र संपलं. जेमतेम अडीच महिने.

आता हॅमच्या नजरेने बघा. हे केंद्र देशभर पोचलं ते कशाच्या जोरावर? सरकारी केंद्रासारखी ताकद त्यांच्याकडे असणं शक्यच नव्हतं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उचलून नेता येईल एवढा संच, आणि खिडकीतून किंवा गच्चीवर ताणलेली तार. पण ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी संध्याकाळनंतर वरच्या आयनांबरावरून परत जमिनीकडे वळतात आणि शेकडो किलोमीटर लांब जाऊन उतरतात. त्यांचे कार्यक्रम संध्याकाळचेच होते. थोडक्यात, बँड बरोबर, वेळ बरोबर, मग वॅट थोडे कमी असले तरी भागतं. आम्हाला हॅम लोकांना हे समजायला पाच-दहा वर्षं आणि बरेच पैसे लागतात!

आता अवघड भाग. पोलीस पारेखवाडीपर्यंत पोचले कसे? प्रिंटर आधी पकडले गेले आणि माफीचे साक्षीदार झाले. खटला चालला. १९४३ मध्ये विशेष न्यायालयाने बाबूभाई खाकरांना पाच वर्षं, उषा मेहतांना चार वर्षं आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष सक्तमजुरी दिली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी सुटले. उषाबेन येरवड्यातून बाहेर आल्या त्या १९४६ मध्ये. पुढे त्या मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, आणि ११ ऑगस्ट २००० ला त्या गेल्या. अलीकडे, २०२४ मध्ये, त्यांच्यावर हिंदी चित्रपट आल्यामुळे आजच्या मुलांना निदान नाव तरी माहीत आहे.

गंमत अशी की (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो) प्रिंटर यांची गोष्ट दोन अर्ध्यांत सांगितली जाते. हॅम लोकांच्या लिखाणात ते स्वातंत्र्यलढ्यातले हौशी रेडिओवाले म्हणून येतात आणि गोष्ट प्रक्षेपक बांधण्यापाशी थांबते. स्वातंत्र्यलढ्याच्या लिखाणात ते फितूर म्हणून येतात आणि गोष्ट तिथून सुरू होते. मला वाटतं की दोन्ही अर्ध्या एकत्र ठेवायला हव्यात. बंदी असताना, युद्ध चालू असताना प्रक्षेपक बांधून द्यायला धैर्य लागतं, ते त्यांनी दाखवलं. आणि पोलिसांसमोर ते धैर्य टिकलं नाही, हेही खरं. कोठडीत आपण काय केलं असतं हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण एक गोष्ट उरतेच. यंत्राचं ज्ञान एकाकडे होतं आणि त्याच्या वागण्याची किंमत दुसऱ्यांनी, येरवड्यात, मोजली. ज्यांच्या हातात यंत्राची चावी असते, त्यांच्यावर बाकीच्यांचा जीव असतो. ही गोष्ट मी भाच्यासाठी लक्षात ठेवली आहे, कारण डब्याशी तिचा संबंध आहे.

स्वातंत्र्यानंतर हौशी रेडिओ वाढला तो लष्करी भंगारावर. महायुद्धात कल्याणच्या बाहेर मोठी लष्करी छावणी होती. त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. लष्कराने टाकून दिलेले रेडिओ संच, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह मुंबईच्या चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर यायचे. ८०७ हा व्हॉल्व्ह तर जुन्या हॅम लोकांच्या घरोघरी. एक ८०७ म्हणजे सुरुवात, दोन ८०७ म्हणजे संसार, आणि कुणाकडे ८१३ असेल तर तो सावकार! परदेशी संच आणायचा तर आयात कराने कंबर मोडायची. १९८४ मध्ये ही अडचण दूर झाली. राजीव गांधी स्वतः हॅम होते, व्हीयू२आरजी हे त्यांचं नाव. आयात कराची सूट मिळाली आणि हॅमची संख्या भराभर वाढली.

मधल्या काळात १९७८ चे हौशी सेवेचे नियम आले होते. त्यांत ताकदीच्या पायऱ्या होत्या. दुसऱ्या श्रेणीला ५० वॅट, पहिल्या श्रेणीला १५०, आणि सगळ्यात वरच्या ऍडव्हान्स्ड श्रेणीला ४००. पुढे श्रेण्या बदलल्या, नावं बदलली, पण चारशेचा आकडा आमच्या डोक्यात पक्का बसला. १९३९ मध्ये ज्या सरकारने सगळंच काढून घेतलं, त्याच्या जागी आलेल्या आपल्या सरकारने परीक्षा घेऊन, नाव-पत्ता लिहून घेऊन, चारशे वॅट विश्वासाने हातात दिले. मला हे फार मोठं वाटतं.

तर आता डबा.

चारशे वॅट हे 'इनपुट'चे. म्हणजे शेवटच्या टप्प्याला आपण जी डीसी वीज देतो तिचे. समजा व्हॉल्व्हच्या प्लेटवर २००० व्होल्ट आहेत आणि २०० मिलिअँपिअर प्रवाह आहे, झाले चारशे वॅट. त्यातले साठ-पासष्ट टक्के तारेपर्यंत जातात, म्हणजे अडीचशेच्या आसपास. उरलेल्या दीडशेची उष्णता होते, म्हणून पंखा लागतो. आता हिशोब करा. साध्या तयार संचातून १०० वॅट निघतातच. शंभराचे अडीचशे झाले म्हणजे चार डेसिबल वाढ. समोरच्याच्या मीटरवर एक पूर्ण एस-युनिट काटा हलायला सहा डेसिबल लागतात. म्हणजे एवढा पसारा करून काटा एक घरही हलत नाही! बहुतेक वेळा तेवढाच फायदा गच्चीवरची तार पाच-सहा मीटर उंच केल्याने किंवा बँड बदलल्याने होतो, तोही फुकट. १९४२ च्या मंडळींनी तेच केलं होतं.

मग डबा का? कारण कधी कधी ते चार डेसिबल लागतात. लांबचं स्टेशन खरखरीत बुडत असतं, आपलं नाव त्याला अर्धंच कळतं, तेव्हा त्या चार डेसिबलने नाव पूर्ण होतं. खरं सांगायचं तर थोडी हौसही आहे.

पण या हौसेचा धोका नीट समजून घ्यायला हवा. ठाणे-कल्याणच्या माणसाला तो समजावणं सोपं आहे. १९२५ पासून मुंबईच्या लोकल ज्या विजेवर धावल्या ती १५०० व्होल्ट डीसी होती. ठाकुर्लीचं चोळे पॉवर हाऊस रेल्वेने त्यासाठीच बांधलं होतं. आपल्या मुख्य मार्गावर २०१५ पर्यंत हळूहळू तिची जागा २५,००० व्होल्ट एसीने घेतली. त्या १५०० व्होल्टच्या तारेला हात लावायचा नाही हे आपल्याला फलाटावर आई-वडिलांनी बोट धरून शिकवलं. माझ्या टेबलावरच्या डब्यात त्या तारेपेक्षा जास्त दाब आहे. एवढं सांगितलं की भाच्याचा चेहरा बदलतो.

आणि ती तार निदान उंच तरी असते. डब्यातला खरा चोर म्हणजे कपॅसिटर, जुन्या लोकांच्या भाषेत कंडेन्सर. वीज बंद केली, दिवा विझला, प्लग काढला, तरी हा भरलेला असतो. २५ मायक्रोफॅरड २००० व्होल्टवर भरला तर त्यात ५० ज्यूल साठतात. छातीतून गेले तर जीव घ्यायला पुरतात. म्हणून त्याच्या दोन टोकांत एक रोधक कायमचा जोडलेला असतो, तो भार हळूहळू रिकामा करतो. एक लाख ओहमचा असेल तर बारा-तेरा सेकंदांत काम होतं. पण तो रोधक स्वतः सतत ४० वॅट खात तापत असतो, आणि एके दिवशी जळून तुटतो. तुटल्याचं बाहेरून काही कळत नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

माझी पद्धत सांगतो. प्लग भिंतीतून काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण दुसरं कुणी चालू करू शकतं. मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचं, मग आणखी थोडं थांबायचं. झाकण काढलं की प्लॅस्टिकच्या लांब दांडीला लावलेला आकडा, ज्याची तार आधीच डब्याच्या अंगाला घट्ट जोडलेली आहे, तो उच्च दाबाच्या टोकाला लावायचा आणि काम संपेपर्यंत तिथेच राहू द्यायचा. हातातली अंगठी, घड्याळ काढायचं. झाकण उघडं असताना वीज सुरू करायची नाही, आणि झाकणाला असा स्विच हवा की ते उघडताच वीज तुटली पाहिजे. जुने लोक सांगत की एक हात खिशात ठेवा, म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात, मधल्या हृदयातून, प्रवाह जायला वाट राहत नाही. (लेंग्याला खिसा नसेल तर हात पाठीमागे!) दमलेले असताना, रात्री उशिरा, घरात एकटे असताना झाकण उघडायचंच नाही. आणि घरातल्या माणसाला मेन स्विच कुठे आहे ते माहीत हवं. आमच्या हिला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या हौशी रेडिओ संघटनेच्या 'क्यूएसटी' मासिकाचे संपादक मंडळातले रॉस हल हे त्या काळातले नामांकित प्रयोगकर्ते. सप्टेंबर १९३८ मध्ये ते आपल्याच उपकरणातल्या उच्च दाबाचा धक्का बसून गेले. जगाला शिकवणारा माणूस होता. त्यांना ठाऊक नव्हतं असं काय असणार? ठाऊक असून एखाद्या क्षणी हात जातो, म्हणून सवय ठाऊक असण्यापेक्षा मोठी.

चालवतानाही घाई करायची नाही. पहिल्यांदा गच्चीवरच्या तारेला न जोडता डमी लोडला जोडायचं, म्हणजे सगळी ताकद एका रोधकात जिरते आणि हवेत काही जात नाही. काही व्हॉल्व्हना तापायला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. मग संचाची ताकद अगदी कमी ठेवून 'ट्यून'चं बटण फिरवत प्लेटचा प्रवाह सगळ्यात खाली कुठे येतो ते बघायचं, 'लोड' थोडं वाढवायचं, पुन्हा ट्यून. असं करत करत वर जायचं. प्रत्येक वेळी काही सेकंदच, नाहीतर व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. डोंबिवलीत भारनियमनाच्या वर्षांत आणखी एक नियम आम्ही पाळायचो. वीज गेली की आधी ऍम्प्लिफायरचा स्विच बंद. कारण वीज परत येते तेव्हा ती कशी येते हे आपल्या हातात नसतं.

आणि एक भाग, जो नकाशात छोटासा दिसतो. तारेकडे जाणाऱ्या टोकापासून डब्याच्या अंगाला जोडलेली एक चोक. रेडिओ लहरी तिच्यातून जात नाहीत, डीसी जाते. आतला एक कपॅसिटर फुटला तर २००० व्होल्ट थेट गच्चीवरच्या तारेत जाऊ शकतात. चोक असेल तर ते जमिनीत जातात आणि फ्यूज उडतो. ४० मीटर बँडची तार साधारण वीस मीटर लांब असते. आपल्या इमारतींच्या गच्चीवर तिच्याखाली पापड वाळत असतात, मुलं पतंग उडवत असतात. त्यांनी कुठलीही परीक्षा दिलेली नाही, परवाना घेतलेला नाही. म्हणून तार हाताला लागणार नाही एवढी उंच, आणि ती चोक असल्याची खात्री दरवर्षी.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं आणि हॅम मंडळींच्या गप्पाही रविवारी सकाळीच रंगायच्या. २१ मेगाहर्ट्झची तिसरी पट ६३ होते, ती जुन्या टीव्हीच्या खालच्या पट्ट्यात. ऍन रावणवधाच्या वेळी पडद्यावर जाळी आली तर शेजारी कुणाला वानर म्हणणार हे सांगायला नको! तेव्हापासून आमच्या कॉलनीतल्या जुन्या हॅमने नियमच केला, रामायण संपेपर्यंत डबा बंद. फिल्टर नंतर आले, समजूतदारपणा आधी आला.

२६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-डोंबिवलीत वीज गेली, फोन गेले. अशा वेळी चारशे वॅटचा डबा म्हणजे नुसतं वजन. कामाला येतो तो बॅटरीवर चालणारा छोटा संच आणि नीट बांधलेली तार. किल्लारी, भूज, अंदमान, प्रत्येक ठिकाणी हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले, ते जोरात ओरडून नाही, तर नीट ऐकून.

तर भाच्या, डबा आहे तो क्वचित लागणाऱ्या चार डेसिबलसाठी. एरवी तो बंद असतो आणि प्लग भिंतीबाहेर असतो, हे तू कधीही येऊन बघू शकतोस. येत्या सुट्टीत ये, तुला ७.०८ वर घेऊन जातो. आधी नुसतं ऐकायचं. बोलायचं परीक्षा झाल्यावर.

सगळ्यांना ७३. हॅम लोकांच्या भाषेत याचा अर्थ, सप्रेम नमस्कार.